चाव्या ज्यांच्या हातात असतात, त्यांचंही एक संमेलन भरवा

प्रति,
अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे सर्व पदाधिकारी,
आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या जुन्या नाट्यगृहांचे व्यवस्थापक, वायरमन, पडदेवाले, सुतार आणि वॉचमन,

सप्रेम नमस्कार.

मी चौतीस वर्षं दौऱ्याच्या नाटकांवर दिव्यांचं काम केलं. आधी केबल गुंडाळणारा पोरगा, मग पॅनलवर बसणारा, आणि शेवटची काही वर्षं प्रकाशयोजनाकाराचा साहाय्यक. दुपारी टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दाराला लागायचा आणि तिसऱ्या घंटेपर्यंत आमच्या हातात पाच-सहा तास असायचे. तेवढ्यात त्या गावचा रंगमंच समजून घ्यायला लागायचा. दिवे टांगायचे बार किती उंचीवर आहेत, विंगेत माणूस उभा राहू शकतो का, लाइन किती लोड घेते, कुठली फळी पायाखाली दबते. हे सगळं ठाऊक असलेला माणूस प्रत्येक ठिकाणी बहुधा एकच असे. कुठे तो वायरमन, कुठे पडदा ओढणारा, कुठे चाव्यांचा जुडगा सांभाळणारा वॉचमन. ते सांगत गेले आणि मी वहीत उतरवत गेलो. अशा तीन वह्या भरल्या.

त्या माणसांच्या वतीने आज आपल्याकडे एक मागणं मागतो आहे. जुनी नाट्यगृहं चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, सकाळी उघडणाऱ्या आणि रात्री बंद करणाऱ्या लोकांचं वर्षातून एकदा दोन दिवसांचं संमेलन परिषदेने भरवावं. नट, नाटककार, समीक्षक हवे तर प्रेक्षक म्हणून येऊ देत. बोलायचं मात्र इमारतीच्या माणसांनी.

हे आत्ताच का सुचलं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मी सांगलीत घरी होतो. एका जुन्या सहकाऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. काय जळतंय तेच मला आधी ओळखता येईना. छप्पर गेल्यावर इमारतीचा चेहरा जातो. मग रंगमंचाची बाजू दिसली आणि मी फोन उलटा ठेवला. त्या रंगमंचावर मी किती वेळा शिडी लावली असेल, याचा हिशोब नाही.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते. तिथून परतल्यावर त्यांच्या मनात जे घोळत राहिलं, त्यातून कुस्तीचं खासबाग मैदान झालं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटर उभं राहिलं. थिएटरचं काम १९१३ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि १९१५ च्या ऑक्टोबरात पुरं झालं. एका बाजूला तांबडी माती, दुसऱ्या बाजूला नांदी. पुढे या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी त्यांनी काढली तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. वय एकतीस. नाट्यगृहाला आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री.

दुसऱ्या दिवशी जयंतीला हार घालायला येणारे लोक राखेसमोर उभे होते. सरकारने पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये जाहीर केले. ते योग्यच झालं, पैशांवाचून काहीच उभं राहत नाही. पण नाट्यगृह पुन्हा बांधायला पैशांइतकीच मापं लागतात, फोटो लागतात, आतला आवाज कसा होता हे सांगणारे कान लागतात. आणि पुढचं नाट्यगृह जळू नये म्हणून, त्या रात्रीपूर्वीच्या कित्येक वर्षांत कोणाला काय माहीत होतं आणि ते कोणाच्या कानावर गेलं नाही, हे मोकळेपणाने बोलणारी माणसं लागतात. अशी माणसं एकत्र बसतील अशी एकही जागा आज आपल्याकडे नाही.

त्या आगीनंतर नाट्यगृहांच्या आगींबद्दल मिळेल ते मी वाचत सुटलो. दिव्यांचा माणूस असल्यामुळे शिकागोची गोष्ट सगळ्यात आधी काळजात रुतली. ३० डिसेंबर १९०३. इरॉक्वॉय थिएटर उघडून सव्वा महिनाच झाला होता आणि 'पूर्णपणे अग्निरोधक' अशी त्याची जाहिरात होती. दुपारचा खेळ, नाताळच्या सुटीतली बायकामुलं. एका आर्क दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आगीपासून वाचवणारा मोठा पडदा खाली सोडायला गेले तर तो मध्येच अडकला. बाल्कनीतल्या लोकांनी खालच्या महागड्या जागांवर येऊ नये म्हणून जिन्यांची फाटकं कुलूपबंद होती. ६०२ माणसं मेली. त्या खेळाला जायचं ठरवून ऐन वेळी राहून गेलेल्या कार्ल प्रिन्झलर नावाच्या हार्डवेअरच्या विक्रेत्याने पुढे सहकाऱ्यांबरोबर दाराचा तो आडवा दांडा तयार करवला, नुसतं अंगाने ढकललं की दार उघडतं तो. आज आपल्याही नाट्यगृहांच्या दारांना असे दांडे दिसतात.

आणि त्या दांड्यांतून साखळी ओवून कुलूप घातलेलंही मी पाहिलंय. गावाचं नाव सांगत नाही. विनातिकीट पोरं बाजूच्या दारातून शिरतात म्हणून प्रयोग सुरू झाला की तिथे साखळी पडायची. मी वॉचमनला विचारलं, "मामा, आत काही झालं तर?" ते म्हणाले, "चावी माझ्याकडे असते की." ते प्रयोगभर गेटवर असायचे आणि ते दार होतं इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. मामा निष्काळजी नव्हते. रात्री दोन वाजता सेट उतरेपर्यंत जागणारे, आम्हाला चहा करून देणारे होते. शिकागोची गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. दिल्लीच्या उपहार सिनेमात १९९७ मध्ये आगीत ५९ जण गेले ते त्यांनी पेपरात वाचलं असेल, पण त्याचा आपल्या साखळीशी काही संबंध आहे हे सांगायला त्यांच्याकडे कोणी बसलं नव्हतं. मीही बसलो नाही. त्या रात्री टेम्पो भरून आम्ही पुढच्या गावाला निघालो. ते मला आजही डाचतं.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोठमोठी नाट्यगृहं पुष्कळदा दुरुस्ती चालू असतानाच गेली आहेत. बार्सिलोनाचं लिसेउ हे ऑपेराचं नाट्यगृह ३१ जानेवारी १९९४ ला जळालं. कामगार तिथला पोलादी सुरक्षा-पडदाच दुरुस्त करत होते, त्या कामाच्या ठिणग्या कापडी पडद्यावर पडल्या. दोन वर्षांनी, २९ जानेवारी १९९६ ला व्हेनिसचं ला फेनिचे गेलं. तेही नूतनीकरणासाठी बंद होतं. काम रखडलेलं, उशिराचा दंड टाळण्यासाठी विजेचं काम करणाऱ्या दोघांनी आग लावली, असं न्यायालयात सिद्ध झालं. आणि जवळचे कालवे साफसफाईसाठी उपसून कोरडे केलेले, त्यामुळे आग विझवणाऱ्या होड्यांना पोचता येईना. आपल्याकडे पणजीत जुलै २०२३ मध्ये चार्ल्स कोरियांनी रचलेल्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला, तोही नूतनीकरणाचं काम चालू असतानाच. नशिबाने खाली कोणी नव्हतं.

दुरुस्तीचे महिने सगळ्यात धोक्याचे असतात, कारण तेव्हा इमारत ओळखणारी माणसं बाहेर असतात. पडदेवाल्याला दुसऱ्या खात्यात पाठवलेलं असतं, वायरमनची बदली झालेली असते, आणि आत ठेकेदाराची माणसं असतात, ज्यांनी कालपर्यंत शाळा बांधली आणि उद्या बाजार समितीचं गोदाम बांधायचंय. त्यांना मी दोष देत नाही. जुन्या रंगमंचाच्या फळ्यांखाली पन्नास वर्षांची धूळ, कागदाच्या फुलांचे तुकडे, थर्माकोलचा चुरा आणि तेलकट दोर असतात आणि त्यावर वेल्डिंगची एक ठिणगी पुरते, हे त्यांना कोणी सांगायचं?

व्हेनिसच्या लोकांनी आगीनंतर ठरवलं, 'होतं तसं, होतं तिथं'. डिसेंबर २००३ मध्ये त्यांनी नाट्यगृह पुन्हा उघडलं. हे जमलं, कारण त्यांच्याकडे नोंदी होत्या. इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्ती यांनी १९५४ मध्ये आपल्या चित्रपटाची सुरुवात त्याच नाट्यगृहात चित्रित केली होती, त्या दृश्यांवरून कारागिरांनी नक्षी आणि रंग जुळवले. त्याहून मला थक्क करणारी गोष्ट म्हणजे आगीच्या दोनच महिने आधी अभ्यासकांनी रिकाम्या नाट्यगृहात आवाज सोडून आतला घुमार मोजला होता, ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. म्हणजे जळून गेलेल्या नाट्यगृहाचा आवाज त्यांच्याकडे शिल्लक होता. पुन्हा बांधताना कानाला लावायला एक मोजपट्टी होती.

आता आपण आपल्याकडचं पाहू. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, ही तारीख संगीत नाटकावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. रंगमंचाची रुंदी-खोली कोणी पाठ करत नाही. ते नाट्यगृह आता नाट्यगृह म्हणून राहिलेलं नाही. मुंबईच्या ग्रँट रोडवर १८४६ मध्ये नाट्यगृह झालं, नाना शंकरशेटांचा त्यात हात होता, विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये तिथे खेळ केले. तेही नाही. नाटकाची संहिता आपण जपतो, पदं जपतो, ज्या खोलीत ती घुमली ती खोली जपायची राहून जाते.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण याची खंत कुठे मांडायची ते मला कधी कळलं नाही. बिनमाइकच्या काळात बांधलेली नाट्यगृहं चुन्याच्या गिलाव्यावर, लाकडी छतावर आणि प्रेक्षकांच्या अंगावर आवाज खेळवत. आमचे एक ज्येष्ठ नट दुपारी सेट लागत असताना रिकाम्या रंगमंचावर उभे राहून एक टाळी वाजवायचे आणि ऐकायचे. मग मला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत पाठवून हळू आवाजात एक वाक्य बोलायचे. ऐकू आलं की मी हात वर करायचा. काही जुन्या नाट्यगृहांत कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत स्वच्छ पोचायची.

अशाच एका नाट्यगृहात, नूतनीकरणानंतर, मी पुन्हा तीच टाळी ऐकली. वरच्या लाकडी छताखाली पीओपीचं खोटं छत आलं होतं. भिंतींना कापडी पॅनल, खाली गालिचा, आणि वातानुकूलनाची एक सततची घरघर. टाळी वाजली तिथेच मेली. ज्येष्ठ नट काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आज माइक जवळ लावायला सांगा." नूतनीकरणावर पैसे भरपूर खर्च झाले होते, खुर्च्या छान होत्या, स्वच्छतागृहं पहिल्यांदाच स्वच्छ होती, हे सगळं मला मान्य आहे. पण ते छत लावायचं ठरवणाऱ्यांपैकी कोणी आधी टाळी वाजवून पाहिली नव्हती. पलीकडच्या जिल्ह्यातल्या एखाद्या व्यवस्थापकाने तीच चूक आधी केली असेल, तर ती ह्यांना कळायचा काही मार्ग होता का?

त्याच गावचा पडदा ओढणारा माणूस निवृत्त झाला तेव्हाची गोष्ट. डाव्या विंगेजवळची एक फळी आतून वाळवीने पोखरली आहे, हे त्याला ठाऊक होतं. तो दरवेळी आम्हाला सांगायचा, "तिथे लेव्हल टाकू नका", म्हणजे सेटचा उंच चौथरा ठेवू नका. तो गेला आणि पुढच्याच हंगामात एका तरुण नटाचा पाय त्या फळीतून खाली गेला. पोटरी फाटली, टाके पडले, प्रयोग रद्द झाला. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल-श्रीफळ मिळालं होतं. फळीबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

जगात इतर ठिकाणी हे कसं करतात, ते मी फार खोलात सांगत नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. अमेरिकेत १९७६ मध्ये 'लीग ऑफ हिस्टॉरिक अमेरिकन थिएटर्स' स्थापन झाली. जुनी नाट्यगृहं चालवणारे, वाचवणारे लोक तिच्या वार्षिक संमेलनाला जमतात आणि ज्या गावी जमतात तिथल्या जुन्या नाट्यगृहांत फिरून ती आतून पाहतात. योगायोग असा की त्याच साली ब्रिटनच्या संसदेने कायदा करून 'थिएटर्स ट्रस्ट' निर्माण केला. तिथे ज्या जमिनीवर नाट्यगृह आहे तिच्यावरच्या बांधकामाचा अर्ज आला, तर स्थानिक प्रशासनाला या ट्रस्टचं मत विचारावं लागतं. धोक्यात असलेल्या नाट्यगृहांची यादीही ते प्रसिद्ध करतात. असा कायदा आपल्याकडे असता तर किती बरं झालं असतं. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं, गिरणगावच्या कामगारांनी आणि कोकणातल्या लोककलावंतांनी जागतं ठेवलेलं. ते पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा कलावंतांना विरोध करत उभं राहावं लागलं. त्यांचं म्हणणं आधीच विचारणं कोणावर बंधनकारक असतं, तर ती वेळ आली नसती.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराची कथा मला विशेष आवडते. तिथे १९२१-२२ मध्ये बांधलेली चार-पाच मोठी नाट्यगृहं एकाच रस्त्यावर होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली आणि काही पाडून गाड्या लावायला जागा करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. रे शेपर्डसन नावाचा माणूस शाळा मंडळात नोकरीला होता. नाटकाच्या धंद्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याने लोक जमवले. मुख्य प्रेक्षागृह वापरण्यासारखं नव्हतं, तेव्हा त्यांनी स्टेट थिएटरच्या ३२० फूट लांब लॉबीत टेबलं मांडून एक संगीतिका लावली. थोडे आठवडे चालेल असं वाटलं होतं, ती दोन वर्षांवर चालली. लोक पुन्हा त्या रस्त्यावर यायला लागले आणि नाट्यगृहं वाचली. आपल्या कुठल्याही बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने हे ऐकलं, तर तो उद्या सकाळी आपला पोर्च वेगळ्या नजरेने पाहील.

आपल्याकडेही असं सांगण्यासारखं आहे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस १९११ मध्ये उघडलं, १९९३ मध्ये बंद पडलं आणि तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. सिमल्याचं गेइटी थिएटर १८८७ चं, जीर्णोद्धार होऊन २००९ मध्ये पुन्हा सुरू झालं. कोलकात्याचं स्टार थिएटर १९९१ मध्ये जळालं, महापालिकेने दर्शनी भाग राखून ते पुन्हा उभारलं, पण तिथे नंतर प्रामुख्याने सिनेमे दाखवले गेले. नाट्यगृह वाचतं आणि नाटक हरवतं, हेही आपण नीट समजून घ्यायला हवं. या तिन्ही ठिकाणची, प्रत्यक्ष काम केलेली माणसं बोलवावीत. त्यांनी काय केलं हे ऐकावंच, आणि काय करायचं राहिलं हे आग्रहाने विचारावं.

परिषद १९०५ पासून संमेलनं भरवते आहे. पहिल्याचे अध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते आणि शंभरावं संमेलन जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला झालं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जळालं. मी जमेल तेवढ्या संमेलनांना मांडवाच्या मागच्या बाजूने हजर राहिलो आहे. परिसंवाद ऐकले, ग्रंथदिंड्या पाहिल्या, अध्यक्षांची भाषणं ऐकताना डोळे पाणावले. पण मी हजर होतो त्या कुठल्याही संमेलनात नाट्यगृहाच्या वायरमनला व्यासपीठावर बसवून, "दादा, तुमच्याकडे मेन स्विचची अवस्था काय आहे?" असं विचारलेलं पाहिलं नाही. म्हणून वेगळं संमेलन मागतो आहे. मोठ्या संमेलनात एक तास दिला तर तो तास उद्घाटन लांबल्यावर सगळ्यात आधी कापला जातो, हे आपणही जाणता.

तारीख मी सुचवतो: ८ आणि ९ ऑगस्ट. आगीचा दिवस आणि केशवरावांची जयंती. आणखी एक व्यवहारी कारण आहे. जुनं नाट्यगृह पावसातच पाहावं. एप्रिलमध्ये सगळी छपरं चांगली असतात. ऑगस्टमध्ये कौलाखालून, पत्र्याच्या सांध्यातून, पन्हळीच्या तोंडाशी पाणी कुठे शिरतं, आणि ते पाणी विजेच्या पाइपातून कुठवर जातं, हे डोळ्यांनी दिसतं. पहिलं वर्ष कोल्हापूर. पुढे दरवर्षी वेगळं नाट्यगृह, आणि भरणं मात्र नाट्यगृहातच. हॉटेलच्या सभागृहात हे बोलणं होणार नाही. मुक्कामाला धर्मशाळा चालेल, दौऱ्यावरच्या माणसांना सवय असते.

बोलावणं पदाला जाऊ नये, माणसाला जावं. प्रत्येक नाट्यगृहातून एक व्यवस्थापक आणि एक हाताने काम करणारा असे दोघे. महापालिकांना परिषदेने पत्र द्यावं की हे कर्तव्यावरचे दिवस धरावेत आणि प्रवासखर्च द्यावा. नाहीतर अधिकारी येतील आणि वायरमन रजा टाकून, पदरचं भाडं भरून येणार नाही. तो आला नाही तर हे संमेलन भरवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी सकाळी भाषणं नकोत. सगळ्यांनी रंगमंचावर, फळ्यांखाली, वर कॅटवॉकवर, रंगपटात, पॅनलच्या खोलीत फिरावं. यजमान नाट्यगृहाच्या माणसांनी आपली दुखणी दाखवावीत. दुपारी दार बंद करून फक्त चुकांची बैठक व्हावी. तिथे जे बोललं जाईल त्याचा कोणाच्या नोकरीवर परिणाम होणार नाही, असं आश्वासन परिषदेने महापालिकांकडून आधी लेखी घ्यावं. साखळी ओवणाऱ्या मामांना ते ओवत होते हे सांगता आलं पाहिजे. अग्निरोधक औषध मारलेले पडदे धुतले की ते औषध निघून जातं आणि पुन्हा मारावं लागतं, ही साधी गोष्ट मला स्वतःला कामाला लागल्यावर पंधरा वर्षांनी एका परक्या व्यवस्थापकाकडून, चहाच्या टपरीवर कळली. त्याआधी मी किती धुतलेल्या पडद्यांशेजारी तापलेले हजार वॉटचे दिवे टांगले असतील.

दुसऱ्या दिवशी मापं. प्रत्येक नाट्यगृहाने आपली एक नोंदवही सुरू करावी. रंगमंचाची रुंदी, खोली, उंची, बारांची संख्या आणि त्यांना पेलणारं वजन, दारं कुठे आणि ती कुठल्या दिशेने उघडतात, वायरिंग कधी बदललं, वाळवी कुठे आहे, छताचे आतून काढलेले फोटो. आणि रिकाम्या प्रेक्षागृहातल्या आवाजाचं ध्वनिमुद्रण. त्यासाठी फार खर्च नाही, अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं-मुली आनंदाने करतील. या वहीची एक प्रत नाट्यगृहात, एक परिषदेकडे.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुनं म्हणजे फक्त राजेरजवाड्यांच्या काळातलं असं धरू नका. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. ती काँक्रीटची आहेत म्हणून कोणाला ऐतिहासिक वाटत नाहीत. पण काँक्रीटच्या आतली सळई गंजते, गळतीने फुगते, आणि पाडायचं की सांभाळायचं हा वाद तिथेही आलेला आहे. मराठी माणसाच्या तीन पिढ्यांनी त्यांच्या खुर्च्यांवर बसून नाटक पाहिलं आहे. त्यांच्या वायरमनलाही बोलावणं जायला हवं.

भाड्याचं, तारखांच्या वाटपाचं, लग्न-मेळावे-ऑर्केस्ट्रा यांना नाट्यगृह द्यावं की नाही याचं भांडण या दोन दिवसांत आणू नये, एवढीच विनंती. ते भांडण महत्त्वाचं आहे, पण त्यात दोन्ही दिवस बुडतील.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी येईन, बोलावलं नाही तरी येईन. माझ्या वह्या घेऊन येईन. पहिल्या वहीत कोल्हापूरची चार पानं आहेत. बारांची उंची, विंगांची मापं, डाव्या बाजूच्या पॉइंटवर किती लोड टाकायचा नाही ते, आणि शेजारी पेन्सिलने काढलेला रंगमंचाचा नकाशा. हे सगळं तिथल्या वायरमनने एका दुपारी शिडीखाली उभं राहून मला सांगितलं होतं. त्या पानांच्या फोटोप्रती मी काढून ठेवल्या आहेत, ज्यांना पुनर्बांधणीच्या कामात उपयोग होईल त्यांनी घेऊन जाव्यात. मूळ वही मी त्या वायरमनच्या हातात देणार आहे, नकाशात एक विंग मी चुकीच्या जागी काढली आहे असं मला वाटतं, आणि ती कुठे होती हे तोच सांगू शकेल.

आपला नम्र,
दौऱ्याच्या नाटकांवरचा एक निवृत्त दिवेवाला
सांगली